हजेरीचा भाजक

सत्र संपत आले की पदव्युत्तर वर्गातील ज्या विद्यार्थ्यांची हजेरी 75 टक्क्यांच्या खाली असते त्यांची यादी आमच्या विभागात लागते, आणि तिला प्राध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे डिफॉल्टर लिस्टच म्हणतात. समन्वयक म्हणून त्या दिवशी मला अर्ज घेत बसावे लागते. आजारपण, गावाकडचे लग्न, पीएमपीची न आलेली बस ही कारणे मला आता तोंडपाठ आहेत. या वेळी मात्र सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारा एक विद्यार्थी, सत्राच्या आरंभी आम्हीच वाटलेली नियमपुस्तिका तेवढी घेऊन आला.

“मॅडम, मला सवलत नको आहे. तुमचा भाजक चुकला आहे, एवढेच सांगायचे आहे.”

एका श्रेयांकाला (क्रेडिटला) 15 तास, म्हणून चार श्रेयांकांच्या विषयाला 60 तासिका, हे आमचे नियोजन. पुण्यात विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि पेठांमधले रस्ते बंद असतात; त्या आठवड्यात बुडालेल्या तासिकांमुळे नियमित तासिका 54 च झाल्या. एका सहकाऱ्यांनी भरपाई म्हणून सकाळी साडेसातला चार जादा तासिका घेतल्या. आमच्या हिशेबाने एकूण 58, त्यांपैकी हा 41 तासिकांना हजर, म्हणजे 71 टक्क्यांनाही किंचित कमी. जादा तासिकांची सूचना दोन दिवस आधी फलकावर लावली जाईल, असे पुस्तिकेत स्पष्ट छापलेले होते. प्रत्यक्षात ती आदल्या रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर आली होती. त्या चार तासिका वगळल्या की 54 पैकी 41, जवळजवळ 76 टक्के. संदेशांच्या वेळा मी तपासल्या आणि त्याचे म्हणणे बरोबर निघाले.

सहकारी दुखावले, आणि त्यांचे दुखावणे मला अवाजवी वाटले नाही. जादा मानधन नसताना भल्या सकाळी येऊन शिकवणाऱ्यालाच आपण नियम दाखवत होतो.

खरा पेच पुढेच होता. चार तासिका वगळायच्या तर सगळ्यांसाठी वगळायला हव्यात, म्हणून मी संपूर्ण हजेरीपट पुन्हा मोजायला घेतला, तेव्हा सासवडहून रोज येणारी एक विद्यार्थिनी समोर आली, जिचे नाव यादीत नव्हतेच. तिची हजेरी 58 पैकी 44 होती आणि त्यांत चारही जादा तासिका होत्या. त्या काढल्या की 54 पैकी 40 उरत आणि ती 75 च्या खाली जाई. रात्रीचा संदेश वाचून पहाटेची बस पकडणारी मुलगी डिफॉल्टर ठरणार आणि न आलेला विद्यार्थी सुटणार, असा न्याय आमच्या समितीतल्या कोणालाच पचणारा नव्हता.

बऱ्याच वादानंतर असे ठरले की विहित सूचना न दिलेली जादा तासिका एकूण तासिकांत धरायची नाही, पण तिला हजर असलेल्याची हजेरी मात्र धरायची. गणिताच्या शिस्तीत हे बसत नाही, असा आक्षेप एका ज्येष्ठांनी नोंदवला, तो इतिवृत्तात तसाच ठेवला. सूचनेची अट विद्यार्थ्याच्या संरक्षणासाठी आहे, तेव्हा तिचा भंग झाल्यास तोटा विद्यार्थ्याला होता कामा नये, हे माझे म्हणणे मान्य झाले.

या हिशेबानेही एकजण 38 तासिकांवरच राहिला. त्याचे वडील बार्शीहून आले होते आणि “पोराचं वर्ष वाया घालवू नका” म्हणून हात जोडत होते. वैद्यकीय किंवा अन्य कोणताही कागद त्यांच्याजवळ नव्हता. त्याला तो विषय पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावा लागेल, हे मला त्यांना दोनदा सांगावे लागले. आधीच्या दोन्ही प्रकरणांत वाटली नव्हती इतकी अवघड ती दहा मिनिटे गेली.

पुढच्या सत्राच्या पुस्तिकेत आम्ही एक वाक्य वाढवले आहे: जादा तासिकेच्या सूचनेवर फलकावर लावल्याची तारीख आणि शिक्षकाची सही असेल, अन्यथा ती तासिका एकूण तासिकांत मोजली जाणार नाही. त्याचा मसुदा त्याच सहकाऱ्यांनी लिहून दिला.