पाणी पडलं का स्लॅब पाणी पिते

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गच्चीवर, तुळशीच्या कुंडीशेजारी, काँक्रीटचे तीन ठोकळे ठेवले आहेत. एकेक १५० मिलिमीटरचा, वजनाला आठ किलोच्या वर. सासूबाई त्यांना 'तुझी पीएचडी' म्हणतात. पीएचडी कुठली, अजून फॉर्मही गेलेला नाही. करायची की नाही, याच्यावर फेब्रुवारीपासून घरात खल चालू आहे.

सहा वर्षांपूर्वीही एकदा करायची होती. तेव्हा मी एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. पगार तीन-तीन महिने लांबायचा. असोसिएट प्रोफेसर व्हायचं तर पीएचडी लागते, म्हणून स्टाफरूममध्ये सगळ्यांचं तेच. पण "कशावर करून राहिली?" असं मला एकानेही विचारलं नाही. विचारायचे ते "कुणाकडे करून राहिली?" मीही एक विषय काढला होता. तो आज मला आठवत नाही, यावरून काय ते समजा. पुढे कॉलेज सोडलं आणि रेडीमिक्सच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लँटवर क्वालिटीला लागले.

आता परत हे खूळ डोक्यात घातलं ते बेलतरोडीच्या एका मिस्त्रीने. गेल्या वर्षीची गोष्ट. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात. स्लॅब टाकून चार दिवस झालेले आणि गोणपाट पार वाळून पापडासारखं झालेलं. मी म्हटलं, राखेचं सिमेंट आहे, उन्हाळा आहे, १४ दिवस पाणी मारा. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, तसंच लिहिलंय. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "मॅडम, टँकरचं पाणी काय भावाने येते ठाऊक आहे ना? काऊन टेन्शन घेऊन राहिल्या? जूनमंदी पाणी पडलं का स्लॅब आपोआप पाणी पिते. तीस वर्षांपासून पाहून राहिलो."

मी त्यांना झापलं. पण गाडीवर बसल्यावर तेच वाक्य डोक्यात फिरायला लागलं.

कारण ते साफ खोटं नाही. आपल्याकडचा कोळसा शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते, आणि कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं शेजारी असलेल्या गावाला राखेचं कौतुक सांगायला नको. (बाबा वीज केंद्रात होते. दोरीवरचे कपडे झटकून मगच घड्या घालायच्या, ही सवय मला अजून आहे.) पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये ही राख १५ ते ३५ टक्के असते. सिमेंटची पाण्याशी क्रिया झाली की चुना सुटतो आणि राखेतली सिलिका तो चुना धरून आणखी बांधणारा पदार्थ तयार करते. पण फार सावकाश, आठवडेच्या आठवडे, आणि ओल असेल तरच. मेच्या उन्हात ओल गेली की काम अर्ध्यावर थांबतं. मग जूनच्या मध्यावर आपला पाऊस येतो. पुन्हा ओल मिळाली तर क्रिया थोडीफार पुन्हा चालू होते, एवढं पुस्तकात आहे. पण नागपूरचा मे खाल्लेल्या स्लॅबमध्ये ती किती खोलवर चालू होते? गेलेल्यातलं किती भरून येतं? मिस्त्री म्हणतात सगळं. मी म्हणते, मोजू.

म्हणून यंदा १२ मेला बारा क्यूब, म्हणजे गच्चीवर आहेत तसे ठोकळे भरले. एम-२५ ग्रेडचं काँक्रीट, सिमेंट पीपीसी. सहा प्लँटच्या टाकीत आणि सहा आमच्या गच्चीवर, अगदी साइटसारखे: तीन दिवस गोणपाट आणि पाणी, मग राम भरोसे. ९ जूनला, म्हणजे २८ दिवसांनी, ताकद मोजायला दोन्हीकडचे तीन-तीन मशीनमध्ये दाबून फोडले. टाकीतल्यांची सरासरी ३२.१ मेगापास्कल, गच्चीवरच्यांची २२.४. म्हणजे तीस टक्के गायब.

मोठ्या तोऱ्यात हे आकडे घेऊन एम.टेक.च्या सरांच्या घरी लक्ष्मीनगरला गेले. त्यांनी कागद पाहिला, पोह्यांवर तर्री ओतली आणि म्हणाले, "पाणी नाही मारलं तर ताकद कमी येते. बरं. मग?" मी पावसाचं सांगितलं, तेव्हा चमचा खाली ठेवला. "क्यूब फोडून दोन महिन्यांचं प्रोजेक्ट होतं. पीएचडी करायची तर आतल्या पोकळ्या बघाव्या लागतील, ओल आत कशी सरकते ते सांगावं लागेल. आणि चौथ्या वर्षी याच विषयाची शिसारी येईल, तेव्हा काय करशील?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पोहे मात्र संपवले.

पैशाचा हिशेब मी वहीत मांडला. फेलोशिप पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढची तीन ४२,०००. घरभाडं भत्ता सोडून पाच वर्षांचे २४ लाख. आत्ताच्या ४६,००० पगाराने, एक रुपया वाढ न धरता, २७ लाख ६०,०००. फरक तीन लाख साठ हजारांचा. वाढ धरली तर बराच जास्त. तरी मला वाटलं होतं त्याहून कमीच निघाला. भीती आकड्याची नाहीच. फेलोशिप तीन महिने अडकली तर घराचा हप्ता काही थांबत नाही, आणि लांबलेल्या पगाराची चव मी घेतलेली आहे. म्हणून आधी सहा हप्ते बाजूला टाकले. फेब्रुवारी ते जून हा 'विचार' जो चालला होता, त्यातला निम्मा म्हणजे हे पैसे साठवणं होतं.

नवरा म्हणतो, "तुला पाहिजे ते कर." याच्याइतकं निरुपयोगी वाक्य मराठीत दुसरं नसेल. बाबा अजून व्हीएनआयटीला, म्हणजे इथल्या सरकारी इंजिनिअरिंग संस्थेला, जुन्या नावाने व्हीआरसीईच म्हणतात, आणि 'डॉक्टर' शब्द ऐकूनच खूश आहेत. सासूबाईंनी फक्त विचारलं, "संपेल तेव्हा तू किती वर्षांची?" अडतीस. "न करता किती वर्षांची होशील?" विचारून त्या भाजी निवडायला लागल्या.

नोकरी सांभाळून करायचाही विचार केला. पण दिवसभर लोकांचे क्यूब फोडून रात्री स्वतःचे वाचायचे, हे माझ्याने व्हायचं नाही. तर फॉर्म भरते आहे, पूर्णवेळचा. शेवटची तारीख बुधवार. गच्चीवरचे राहिलेले तीन क्यूब ७ जुलैला फुटतील, ५६ दिवसांनी. त्यांचं उत्तर कळायच्या आधीच मला माझं द्यायचं आहे. सरांना हे सांगितलं तर नुसते हसले.

काल रात्री पहिला पाऊस आला. चांगला झोडपून. मी फॉर्मच्या पाचशे शब्दांत अडकले होते. सासूबाई कपडे काढायला गच्चीवर गेल्या आणि भिजून खाली आल्या. म्हणाल्या, "काळजी नको करू गं, तुझ्या ठोकळ्यांवर प्लास्टिक टाकून आले. एक थेंब लागणार नाही."

मी चपला न घालताच वर पळाले.