दीडपट

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या आवाजी निरोपाशेजारी एक बारीकसं बटण असतं. एकदा दाबलं की निरोप दीडपट वेगानं वाजतो, पुन्हा दाबलं की दुप्पट. आमच्या आत्याचे निरोप विट्याहून येतात आणि ऐसपैस असतात. आधी पाऊस, मग शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग लग्न न ठरणारा कुणाचा तरी मुलगा आणि सगळ्यात शेवटी, उंबऱ्यात आठवावं तसं, मूळ काम. दुपटीनं ऐकलं की काम समजतं. शेजारीण चालायला लागली की नाही, ते मात्र राहून जातं.

सांगलीच्या आयर्विन पुलावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपुढे हा विषय काढायची सोय नाही. लगेच कुणीतरी म्हणणार, "पूर्वी कसं निवांत होतं सगळं!" सांगलीत त्याला पुरावाही हाताशी असतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' नाटक केलं. त्या नाटकांत आधी सूत्रधार यायचा, मग विदूषक, मग गणपती, मग मोरावर बसून सरस्वती नाचत यायची आणि त्यानंतर कुठं कथा हलायची. आज याच जागी 'स्किप इन्ट्रो' असतं. आता बोला.

बोलायचं तर बरंच आहे. याच जिल्ह्यात बैलगाडीच्या शर्यतीला माणसं पूर्वापार लोटतात. २०१४ मध्ये बंदी आली, २०२१ च्या अखेरीस शर्यती पुन्हा सुरू झाल्या, आणि मैदानं अशी भरली की जणू मधली वर्षं नव्हतीच. तिथं बैलाला 'जरा दमानं' म्हणणारा म्हातारा मला अजून भेटायचाय. तेव्हा जुनं ते संथ आणि नवं ते वेगवान, हा हिशेब मला पटत नाही. मिरजेकडे पाहिलं की तर मुळीच नाही.

मिरजेत तानपुरे होतात. त्यांचे भोपळे वाळायला महिने जातात, आणि तारांखालची घोडी, म्हणजे पट्टी, घासून जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढायचं काम अजून कानावरच चालतं. मिरजेतच राहिले ते किराना घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ. त्यांना जाऊन १९३७ पासून इतकी वर्षं झाली, तरी मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतंच. खाँसाहेबांच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. आजच्या रीलवाल्यांच्या शेजारीच बसवावं इतकी थोडी जागा. पण त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकताना एकदाही वाटत नाही, की या माणसाला कुठली गाडी पकडायचीय. त्यांनी गाणं आखूड केलं, पळवलं नाही. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे, आणि आत्याच्या निरोपावर बटण दाबणाऱ्याला ती कळत नाही.

पुढची गोष्ट याहून गमतीची. १९०९ मध्ये इटलीत मारिनेत्ती नावाच्या कवीनं जाहीरनामा काढला: जगात नवं सौंदर्य आलंय, ते वेगाचं, धडाडत जाणारी मोटार ग्रीक शिल्पाहून सुंदर. चित्रकारही धावती कुत्री आणि मोटारी रंगवू लागले. आणि आपल्याकडे, मोटारी वाढत होत्या त्याच काळात, शास्त्रीय गाण्यातला ख्याल सावकाश होत गेला! किरान्याच्याच अब्दुल वहीद खाँनी लय आणखी खाली नेली आणि इंदूरच्या अमीर खाँनी ती उचलली. तालाच्या एकेका आवर्तनाला, म्हणजे फेऱ्याला, मिनिटभर लागेल असा अतिविलंबित ख्याल आपल्याला पुराणकाळातला वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या आजोबांच्या पिढीत रुळलाय. त्याला जागा करून दिली तीही यंत्रानंच. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली. मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेरे, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही कमी. तबकडी हळू फिरायला लागली, खाचाही बारीक झाल्या, आणि एका बाजूवर वीसेक मिनिटं मावायला लागली.

भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजची लेक्चरं तो दुपटीनं बघतो, पिक्चरसुद्धा दीडपटीनं. सुट्टीत आला की रात्री हेडफोन लावून पडतो. एकदा मी एक बाजू कानाला लावली, तर ओळखीचं हिंदी गाणं सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरसारखं रडत होतं. "बिघडलंय का रे?" तर म्हणाला, "मामा, हे मुद्दाम. स्लोड आहे. लाखो लोक ऐकतात." मग मी त्याला अमीर खाँचा मारवा राग लावून दिला. आधी तो मोबाइलकडे बघत होता, मग बघायचा थांबला. बऱ्याच वेळानं त्यानं हेडफोनची एक बाजू सरकवून विचारलं, "मामा, हे कुणी स्लो केलंय?"