आमची वाटचाल : जुनी यंत्रे, नवी यंत्रे आणि बॅकअप

चिपळूणच्या बाजारपेठेत २००४ साली आम्ही दोघा भावांनी संगणक दुरुस्तीचे दुकान थाटले, तेव्हा बॅकअप, म्हणजे माहितीची राखीव नक्कल, हा शब्द आमच्या दरपत्रकात कुठेच नव्हता. हार्ड डिस्क बदलणे, विंडोज पुन्हा टाकणे आणि पावसाळ्यात वीज पडून जळालेले मोडेम बदलून देणे, एवढ्यावर आमचे भागत असे. आज दुकानाचे निम्म्याहून अधिक काम ग्राहकांची माहिती सांभाळण्याचे आहे. गुहागर, दापोलीपासून लोट्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत ज्या कार्यालयांचा बॅकअप आम्ही घेतो, तेथे विंडोज एक्सपी, विंडोज ७, विंडोज ११ आणि लिनक्स या जुन्या-नव्या संगणक प्रणालींची सारी मंडळी एकाच छताखाली नांदत असतात.

जुनी यंत्रे लोक हौसेने ठेवत नाहीत. प्रयोगशाळेतील रक्ततपासणीचे यंत्र ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते एक्सपीच्या पुढे जात नाही, आंबा व्यापाऱ्याची बागायतदारांशी असलेली उधारी फॉक्सप्रो या जुन्या नोंदणी-सॉफ्टवेअरच्या फाइलींत असते, आणि यांतले काहीही बदलायचे तर लाखांचा खर्च येतो. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे) ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, म्हणून ही यंत्रे टाकून द्या असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही तसे सांगत नाही. ती चालू आहेत तोवर त्यांतले काम बुडणार नाही एवढे पाहणे हे आम्ही आमचे काम मानतो.

सुरुवातीची काही वर्षे आम्ही सीडीवर नकला काढून देत असू. कोकणच्या दमट हवेत कपाटातल्या सीडीलाही बुरशी धरते, हे २००९ मध्ये एका ग्राहकाची सीडी उजेडासमोर धरली तेव्हा आम्हाला कळले. चकाकत्या थरावर नाचणीच्या दाण्याएवढे ठिपके पसरले होते आणि त्यांतून आरपार उजेड दिसत होता. त्या ग्राहकाचा एका वर्षाचा हिशेब कायमचा गेला. त्यांनी आम्हाला बोल लावला नाही, पण ते पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत, आणि त्याची सल अजून गेलेली नाही.

पुढे बाहेरच्या हार्ड डिस्क आल्या. एका पतसंस्थेत विंडोज ९८ चे एक यंत्र शिल्लक होते आणि त्याला एनटीएफएस ही डिस्कवर फाइली मांडण्याची नवी पद्धत वाचता येत नसल्यामुळे, सर्व यंत्रांना चालावी म्हणून आम्ही तेथील डिस्क फॅट-३२ या जुन्या पद्धतीने तयार केली. या पद्धतीत कोणतीही एक फाइल ४ जीबीपर्यंतही पोहोचू शकत नाही. संस्थेची नोंदींची फाइल वाढत वाढत त्या मर्यादेला टेकली आणि त्या रात्रीपासून नक्कल अर्ध्यावर थांबू लागली. सकाळी पडद्यावर दिसणारी सूचना तेथील कर्मचारी रोजच्या सवयीने बंद करीत राहिले. हा प्रकार साडेतीन महिन्यांनी आमच्या ध्यानात आला. सुदैवाने मूळ डिस्क तोवर शाबूत होती. त्या दिवसापासून आम्ही दर महिन्याला प्रत्येक ग्राहकाची एक तरी नक्कल दुकानातल्या वेगळ्या यंत्रावर उतरवून, उघडून पाहतो आणि त्याची तारीख वहीत लिहितो.

खरी परीक्षा मात्र पुराने घेतली. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती आणि तिच्या दोन फूट वर फळी ठोकून आम्ही ग्राहकांच्या डिस्क ठेवत असू. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि ती फळीही बुडाली. आदल्या वर्षी ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोलीकडे जी दैना केली ती पाहून आम्ही डिस्कचा दुसरा संच वर घाटात, परशुराम गावी मामांकडे ठेवू लागलो होतो, म्हणून आमचे ग्राहक वाचले.

तरीही एका छापखान्याच्या बाबतीत आम्ही कमी पडलो. मालकांना आम्ही काका म्हणतो. त्यांची तिन्ही यंत्रे गाळाने भरली होती, पण पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि स्मरणिका आमच्या डिस्कवर जशाच्या तशा होत्या. आठवडाभराने नव्या विंडोज १० संगणकावर त्या उघडल्या, तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसू लागला. त्या फाइली पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेतपद्धती रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या होत्या. फाइली आम्ही जपल्या होत्या, फॉन्ट जपले नव्हते. काका पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “फाइली माझ्याच आहेत रे, पण अक्षरं माझी नाहीत.”

२०१८ मध्ये त्यांच्या एका एक्सपी यंत्राची डिस्क बदलताना आम्ही क्लोनझिला या सॉफ्टवेअरने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे प्रणालीसकट हुबेहूब नक्कल, काढली होती आणि ती परशुरामच्या डब्यात पडून होती. ती आम्ही व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात चालणाऱ्या आभासी यंत्रात, चढवली. पहिल्यांदा यंत्र अडल्याची सूचना देणारा निळा पडदा आला, कारण एक्सपीला अनोळखी डिस्क नियंत्रक, म्हणजे डिस्क जोडणारा भाग, चालत नाही. तो जुन्या आयडीई प्रकारचा करून दिल्यावर यंत्र सुरू झाले. फॉन्टचा डाँगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेला छोटा जोड, गाळातून काढून धुऊन वाळवला होता, तोही चालला. पहिली फाइल उघडली ती एका लग्नपत्रिकेची, आणि ‘श्री गजानन प्रसन्न’ ही ओळ नीट उमटलेली पाहून काकांनी डोळे पुसले.

तेव्हापासून जुन्या यंत्राची आम्ही संपूर्ण प्रतिमा घेतो, फॉन्ट, ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारी सॉफ्टवेअरे) आणि परवान्यांसकट. रोजच्या फाइलींसाठी मधे एक लहान लिनक्स यंत्र ठेवतो. एक्सपीला फाइली देण्याघेण्याची एसएमबी-१ ही जुनी रीतच समजते, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा विषाणू याच रीतीतील दोषातून पसरला, त्यामुळे ती नव्या संगणकांवर चालू करण्यास आम्ही ठाम नकार देतो. लिनक्स यंत्राला दोन नेटवर्क कार्डे असतात. एका बाजूला फक्त जुनी यंत्रे, दुसऱ्या बाजूला नवी. जुन्या यंत्रांना इंटरनेट मिळत नाही. बॅकअपची डिस्क काम संपताच काढून ठेवली जाते, कारण जोडलेली राहिली तर खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप घालतो.

नव्या यंत्रांची अडचण नेमकी उलटी आहे. जुन्या संगणकाची डिस्क काढून कुणालाही वाचता येते; नव्या लॅपटॉपची डिस्क बहुधा बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असते आणि मदरबोर्ड खाऱ्या हवेने गेला की ४८ अंकी रिकव्हरी की असल्याशिवाय ती मालकालाही उघडता येत नाही. पुष्कळांना आपल्या यंत्रावर असे कुलूप आहे हेच ठाऊक नसते. म्हणून यंत्र हाती घेताच आम्ही ती की कागदावर छापून पाकिटात मालकांच्या स्वाधीन करतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. ज्या यंत्रांत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ बसत नाही, ती आमच्या वहीत आता ‘जुनी’ या रकान्यात गेली आहेत. पाऊस सुरू होण्याआधी त्या सर्वांच्या प्रतिमा काढून परशुरामला पोहोचवायच्या आहेत. गुहागरच्या एका शाळेच्या कार्यालयापासून आम्ही सुरुवात केली आहे.