दोन हजारांचा हप्ता आणि सातबाऱ्यावर नाव नसलेला शेतकरी

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात शेतकऱ्यांसाठी थेट रोख रक्कम होती ती अशी: सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यांत एप्रिलमध्ये प्रत्येकी २,००० रुपये. गावोगावी त्याला ‘कोरोनाचे पैसे’ म्हटले गेले, पण ही रक्कम नवी नव्हती. पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतातच. त्यातला एप्रिल ते जुलै या काळाचा हप्ता सरकारने मुदतीच्या सुरुवातीलाच दिला.

हे सांगताना त्या हप्त्याचे मोल मला कमी करायचे नाही. आठवडी बाजार बंद, बाजार समित्या आज चालू तर उद्या बंद, कलिंगड आणि भाजीपाला जागेवर सडत चाललेला, खरेदी थांबल्यामुळे कापूस घरातच पडून, अशा दिवसांत अर्ज न करता खात्यावर आलेले दोन हजार रुपये किराणा आणि औषधपाण्याला उपयोगी पडले. २०१९ मध्येच लाभार्थ्यांची यादी तयार झालेली होती, म्हणून हे इतक्या लवकर जमले. मात्र ती यादी ज्या आधारावर उभी आहे, तिथेच माझा आक्षेप आहे.

पीएम-किसानचा लाभ जमिनीच्या मालकीवर मिळतो. सुरुवातीची दोन हेक्टरची मर्यादा २०१९ मध्येच काढून टाकण्यात आली, प्राप्तिकर भरणाऱ्यांना वगळण्यात आले, परंतु सातबाऱ्यावर नाव हवे ही अट कायम राहिली. टाळेबंदीत नुकसान झाले ते उभ्या पिकाचे, आणि ज्याने बियाणे, खत आणि मजुरी घातली त्याचे. जमीन खंडाने किंवा बटाईने कसणाऱ्या वाटेकऱ्याने खर्चाचा वाटा उचलला, भाव कोसळल्याचा फटकाही सोसला; हप्ता मात्र मालकाच्या खात्यावर गेला. नवऱ्यामागे शेती सांभाळणाऱ्या, पण वारसनोंद रखडलेल्या बाईचीही तीच गत झाली. तिच्या नावाने जनधन खाते असेल, तर तीन महिने दरमहा ५०० रुपये मिळाले, पण ते शेतकरी म्हणून नव्हेत.

वाटेकऱ्याची नोंद का होत नाही, याचे कारण आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. १९४८ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिले आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी असंख्य कुळे जमिनीची मालक झाली. त्या कायद्याने मोठा अन्याय दूर केला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु तेव्हापासून जमीनमालकाच्या मनात बसलेली धास्ती अशी की, कागदावर दुसऱ्याचे नाव लागले तर जमीन हातची जाईल. त्यामुळे बटाईचा व्यवहार तोंडीच ठरतो आणि वर्षानुवर्षे तीच जमीन कसणारा माणूस सरकारी दफ्तरात कुठेच दिसत नाही. पीककर्ज मिळवतानाही त्याला हीच अडचण येते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद मोबाईलवरून होऊ लागली. पीक कोणते, हे आता शासनाला हंगामागणिक कळू शकते. ते कोणी पिकवले, हेही तिथेच नोंदवता येईल. त्यासाठी अशा नोंदीने मालकी हक्काला कोणतीही बाधा येणार नाही, असे कायद्याने स्पष्ट लिहून द्यावे लागेल, आणि ती नोंद केवळ मदत, विमा आणि कर्ज यांपुरतीच ग्राह्य धरावी लागेल. मालकाला ही हमी मिळाल्याशिवाय तो वाटेकऱ्याचे नाव लावू देणार नाही, आणि ते नाव लागल्याशिवाय पुढच्या संकटातही मदत जुन्याच यादीने वाटली जाईल.