पाकिटावरचा बारा नंबर

परवा इथे इंग्लंडात, लीड्समध्ये, चॅरिटी शॉपच्या (दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या) काउंटरवर बसणाऱ्या सत्तरीच्या बाईंनी माझ्या हातातलं पॅटर्नचं, म्हणजे कपडा बेतायच्या कागदी साच्यांचं, पाकीट काढून घेतलं. दीड पौंडाचं पाकीट, पन्नासच्या दशकातला घेरदार फ्रॉक. "थांब, तुकडे मोजूया," म्हणाल्या, आणि मागे रांग लागलेली असताना पिवळे पडलेले कागद एकेक उलगडून आतल्या आकृत्यांशी ताडून पाहिले. अकरा हवे होते, दहा निघाले. कॉलर नव्हती. त्यांनी मला ते विकलंच नाही. बिनपगारी काम करणारी बाई परक्या गिऱ्हाइकाचा दीड पौंड वाचवते, हे दोन दिवस मनातून जात नव्हतं.

मग त्यांनी खोक्यातून दुसरं काढून दिलं, चाळीसच्या दशकातलं. कमी पैशात शिवायचं तर हाच काळ धरावा, हे मला तिथे उमगलं. ब्रिटनमध्ये जून 1941 ते मार्च 1949 कपड्यांना रेशन होतं. सुरुवातीला माणशी वर्षाला 66 कुपनं, आणि एका लोकरी फ्रॉकलाच 11 जायची. चुण्या किती, बटणं किती, यावरही सरकारी बंधनं. त्यामुळे त्या काळचा फ्रॉक कापड जपून बेतलेला असतो: खांदे ताठ, घेर बेताचा. पन्नासच्या दशकातला पूर्ण गोल घेर दिसतो देखणा, पण कापड गिळतो. शिवाय जुन्या पाकिटावरचा हिशेब बहुतेक 36 इंच पन्ह्याचा असतो. तिथे साडेतीन वार लिहिलं असेल, तर आजच्या 45 इंच पन्ह्यात सहसा तीन वारांच्या आत भागतं.

आता नंबर. याचा मला खरंच राग येतो. अमेरिकी कंपन्यांच्या पाकिटावर 12 नंबर म्हणजे 1956 पूर्वी छाती 30 इंच, त्यानंतर 32, आणि साठचं दशक संपता संपता 34. बाई तीच, आकडा तोच, माप वेगळं! दुकानातल्या तयार कपड्यांच्या 12 शी तर याचा काही संबंधच नाही. इचलकरंजीत आमच्या शिवणाच्या काकूंनी कुणाला कधी नंबर दिला नाही. गळ्यात टेप, वहीत छाती, कंबर, मुंढा, बाही. प्रत्येक बाईचं पान वेगळं. माणसाकडे बघून कापड कापायचं हे शहाणपण आमच्याकडे गल्लोगल्ली होतं, आणि इथे त्याला 'खास मापाचं' म्हणून भरमसाट पैसे मोजावे लागतात.

म्हणून नंबर विसरा, पाकिटावरचे इंच वाचा. जुन्या पाकिटात बहुधा एकच माप असतं. खांदा आणि काखेखालची वरची छाती जुळेल ते घ्या, कंबर सैल करता येते, खांदा फसला की सगळा फ्रॉक फसतो. आणि माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड! इथले पॅटर्न पाऊण इंचसुद्धा सोडत नाहीत, पाच अष्टमांश इंच, तीसुद्धा शिवून झाल्यावर छाटा म्हणतात. काकू बाजूला इंच-दीड इंच दाबून ठेवायच्या. लग्नानंतर, बाळंतपणानंतर तोच ब्लाउज उसवून पुन्हा अंगाला बसायचा. मी कागदाबाहेर खडूने दुसरी रेघ मारून घेते.

तरी एक मान्य करते. काकूंचं कटिंग काकूंच्या हातात होतं, विचारलं तर "अंदाजाने" म्हणायच्या. ऐंशी वर्षांपूर्वीचा हा कागद मात्र कुणालाही, कॉलर कशी वळवायची तेही, मुकाट्याने शिकवतो.

कापड त्याच दुकानातून घेतलं, डबल बेडचं सुती ड्युवे कव्हर, म्हणजे रजईची खोळ. दोन्ही थर मिळून दोन मीटर पन्ह्याचं चार मीटर कापड, किंमत तीन पौंड. आधी मांजरपाटावर शिवून पाहतात तसं मी जुन्या चादरीवर पाहिलं, मग कात्री लावली.

आईला व्हिडिओवर दाखवलं तर तिचा चेहरा उतरला. "दुसऱ्याच्या पांघरुणाचा फ्रॉक?" मी आजीच्या गोधड्यांची आठवण दिली. ती म्हणाली, त्या आपल्याच घरातल्या साड्यांच्या असत. बरोबर आहे तिचं. पण साठ डिग्रीवर दोनदा धुतलंय मी, आणि इथलं भाडं तिला कुठे भरायचंय.

थोड्या वेळाने तिने कॅमेरा जवळ न्यायला सांगितला. शिवण निरखून बघितली.

"माया किती ठेवलीस?"

"बाजूला सव्वा इंच. खाली दोन."