गो-टू माउंटची बॅटरी: भार मोजून झाला, सेल ठरले, डबा जुळवणं सुरू

गो-टू माउंट म्हणजे दुर्बिणीला मोटरनं आपोआप ताऱ्याकडे वळवणारा आधार. माझा माउंट ईक्यू-५ वर्गातला (मध्यम आकाराचा), वर ८० मिमीची दुर्बीण. मांडायचं वावरात, जिथे घरची लाइन पोचत नाही आणि कृषिपंपाची लाइन पाळीनं येते. म्हणून १२ व्होल्टची, एका हातात उचलता येईल अशी बॅटरी हवी.

बहुतेक जण आधी अँपिअर-अवर विचारतात. त्याआधी विचारावं, दोन्ही मोटर पूर्ण वेगात असताना माउंटच्या पिनवर किती व्होल्ट उरतात. स्काय-वॉचरच्या या वर्गातल्या माउंटला ११ ते १५ व्होल्ट डीसी लागतो. व्होल्टेज ११ च्या खाली क्षणभर गेलं तरी हँड कंट्रोलर (माउंट चालवायचा हातातला रिमोट) रिसेट होऊ शकतो. मग अलाइनमेंट, म्हणजे ओळखीचे तारे दाखवून जुळवलेली दिशा, जाते आणि ताऱ्यांपासून पुन्हा सुरुवात. मोटर आवाज बदलते, लाल दिवा लुकलुकतो, आणि लोक माउंटच्या बोर्डाला दोष देतात. आधी मल्टिमीटर लावा.

मोजलेला भार असा: ट्रॅकिंगला (ताऱ्यामागे हळू सरकताना) ०.६ अँपिअर, दोन्ही अक्षांवर स्लू करताना (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे वेगानं वळताना) १.८, दव रोखणाऱ्या हीटर पट्टीला ०.७. सात तास ट्रॅकिंगचे ४.२ अँपिअर-अवर. स्लूची एकूण वीस मिनिटं धरली तर ट्रॅकिंगच्या वरचे ०.४. पट्टी शेवटचे चार तास, म्हणजे २.८. बेरीज ७.४. पट्टी गाळू नका. डिसेंबरात ओलिताच्या हरभऱ्याशेजारी मध्यरात्रीनंतर दहिवर असं पडतं की पुढची काच पुसून भागत नाही.

आता पर्याय. गावात सगळ्यात सहज मिळते ती फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड. वापरलेली एक तपासली: नुसती १२.५ व्होल्ट, स्लूच्या भाराखाली टर्मिनलवर ११.९. इथपर्यंत ठीक. पण ॲडॉप्टरची कापलेली तीन मीटर बारीक वायर लावली की पिनवर १०.९. तीच बॅटरी, तेवढीच लांबी, दीड एमएमची लवचीक तांब्याची वायर लावली तर ११.७ च्या वर. बारीक वायरचा जाण्यायेण्याचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असतो, १.८ अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. नवी बॅटरी घेण्याआधी वायर बदलून पाहावी ती यासाठी. बॅटरी ट्रायपॉडच्या तबकात ठेवून वायर मीटरभराची केली तर आणखी बरं.

तरी लेड-ॲसिड बाद केली, वजनामुळे. ती निम्म्याखाली रोज उतरवली की लवकर खराब होते, म्हणजे ७.४ साठी १८ अँपिअर-अवरची घ्यावी लागते, आणि तिचं वजन पाच किलोच्या वर.

पॉवर बँकेबद्दल खूप विचारणा होते. २०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ७४ वॉट-अवर. रूपांतराची घट काढली की १२ व्होल्टला साधारण ५ अँपिअर-अवर. यूएसबी-सीच्या पीडी (पॉवर डिलिव्हरी) आउटपुटमधून १२ व्होल्ट मागून घेणारी ट्रिगर केबल मिळते, पण बऱ्याच बँका १२ देतच नाहीत. मग केबल ९ वर येते आणि माउंट चालत नाही. घेण्याआधी बँकेच्या मागे छापलेल्या आउटपुटमध्ये १२ आहे का ते वाचा. तीन लिथियम-आयन सेलचा पॅक १२.६ पासून उतरत जातो आणि निम्म्यानंतर ११ च्या जवळ घुटमळतो. व्होल्टेज कमी-जास्त करून १२ वर धरणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर लावल्याशिवाय तो या कामाचा नाही. कारच्या लायटर सॉकेटचा प्लग स्लू करताना हलतो, आणि कुणी गाडी सुरू केली की व्होल्टेज एकदम पडतं.

झटका मशीनची (कुंपणात विजेचे झटके सोडणाऱ्या यंत्राची) बॅटरी धुऱ्यावर तयारच असते म्हणून काही जण तिलाच जोडतात. मशीन चालू असताना हे मुळीच करू नका. कुंपणात काही हजार व्होल्टचे ठोके जात असतात, मशीनची एक बाजू जमिनीत गाडलेली असते. तो ठोका माउंटच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत यायला एक ओली वायर पुरे. ट्रायपॉडही तारेपासून लांबच.

ठरलं ते लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी): ३२७०० आकाराचे, ३.२ व्होल्ट ६ अँपिअर-अवरचे आठ सेल. दोन-दोन समांतर, अशा चार जोड्या एकापुढे एक. १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर, डब्यासकट दीड किलोच्या आसपास. ८० टक्के वापरले तरी ९.६ मिळतात. मुख्य म्हणजे रात्रभर व्होल्टेज १३ च्या आसपास टिकतं.

जुळवणी अशी. समांतर जोडण्याआधी सेल ०.०२ व्होल्टच्या आत सारखे हवेत, नाहीतर जोडताक्षणी एकातून दुसऱ्यात मोठा करंट जातो. निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंगनं, ई-रिक्षाच्या बॅटऱ्या बांधणाऱ्याकडून. सोल्डरिंगची उष्णता सेलला सोसत नाही. बीएमएस (सेल जास्त भरू किंवा उतरू न देणारा संरक्षक बोर्ड) ४एस, म्हणजे एकापुढे एक चार जोड्यांचा, आणि एलएफपीचाच घ्या, लिथियम-आयनचा चालत नाही, त्याची कट-ऑफ (बंद करायचं व्होल्टेज) वेगळी. त्याचा बारीक वायरचा कनेक्टर खोचण्याआधी एकेक पिन मोजा: ३.२, ६.४, ९.६, १२.८ असा चढता क्रम आला पाहिजे. एक वायर चुकली तर बीएमएस जळतो. पॉझिटिव्हवर, सेलच्या अगदी जवळ, ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज.

माउंटचा प्लग ५.५ × २.१ मिमी, मधला भाग पॉझिटिव्ह. दुकानात ५.५ × २.५ चाही हुबेहूब दिसतो, बसतोही, पण सैल. दुर्बीण वळली की संपर्क तुटतो. ध्रुवता उलटी झाली तर बोर्ड जाऊ शकतो, म्हणून माउंटला लावण्याआधी दर वेळी मीटर. हीटर पट्टीची वायर डब्यातून वेगळी काढली आहे, माउंटच्या वायरीवरून नाही.

या सेलचा व्होल्टेज बघून चार्ज कळत नाही. ९० टक्के आणि ४० टक्के यांत दोनेक दशांशाचाच फरक, आणि मग बीएमएस एकदम बंद करतो. म्हणून डब्यावर अँपिअर-अवर मोजणारा छोटा मीटर बसतोय. चार्जर १४.६ व्होल्टचा, एलएफपीसाठीचा.

बाकी आहे ते डब्याचं झाकण, मीटरची वायरिंग आणि पूर्ण रात्रीची भारचाचणी. पावसाळ्यात पॅक ५० ते ६० टक्क्यांवर ठेवायचा, उलट लेड-ॲसिड असेल तर पूर्ण भरून. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत दोन्ही नकोत. चार्जिंग ४५ अंशांच्या वर टाळायचं, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात ते रात्री उशिरा किंवा पहाटेच.