परसातली औषधं: ताजं काय वापरावं, सुकं काय ठेवावं (वर्षभराची नोंद)

गेल्या पावसाळ्यापासून परसातल्या झाडांची विभागणी मी एकाच कसोटीवर करते आहे: कुठलं ताजंच वापरायचं आणि कुठलं सुकवून ठेवायचं. देशावरच्या मैत्रिणी तुळस, पुदिना, शेवग्याचा पाला सुकवून वर्षभराच्या बरण्या भरतात. त्यांच्याकडची हवा कोरडी, त्यांना ते साधतं. आमच्या गोव्यातल्या डिचोलीत जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलांवरही बुरशी चढते, तिथे पानांचा काय पाड लागणार! आणि सुक्या पाल्यावर आलेली बुरशी झटकून चालत नाही. काही बुरशींची विषं उकळूनही पुरती जात नाहीत, म्हणून वास आला की ती बरणी रिकामी करायची. पावसाळ्यात लागणारं औषध पावसाळ्यात परसात हिरवंगार उभं असलं पाहिजे, असं आता माझं पक्कं मत झालं आहे.

यात सगळ्यात समाधान दिलं ते अडुळशाने. मृगाचे पहिले चार पाऊस पडले की बोटभर जाडीच्या फांद्या चिऱ्याच्या गडग्याकडेने तिरक्या खोचायच्या, बाकी काही करावं लागत नाही. सुटी गुरं येतात, हुंगतात आणि पुढे जातात. पानं इतकी कडू की कुंपणाचीसुद्धा गरज नाही. श्रावणापर्यंत तोडण्याजोगा पाला झाला.

खरं कौशल्य आहे ते रस काढण्यात. अडुळशाचं पान कच्चं वाटलं तर जेमतेम ओलावा सुटतो. जुन्या वैद्यांची रीत पुटपाकाची: पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वर मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा. मी पिकलेली, पिवळट पडू लागलेली पानं धुऊन केळीच्या पानात बांधते, मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवते आणि गरम असतानाच फडक्यातून पिळते. गडद हिरवा, दाट रस येतो. मोठ्या माणसाला दोन चमचे, म्हणजे साधारण 10 मिली, तितक्याच मधातून सकाळ-संध्याकाळ. छातीत कफ घट्ट बसला असेल तर तो सुटायला याची मदत होते, हे घरात पुन्हा पुन्हा पाहिलं. नुसत्या कोरड्या, घसा खाजवणाऱ्या खोकल्याला मात्र मी अडुळसा देत नाही. तिथे ज्येष्ठमधाची काडी चघळलेली बरी. दुकानात मिळणाऱ्या कफ पातळ करणाऱ्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच पुढे तयार झालं, तेव्हा याचं सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही मनापासून मानाव्यात. गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर रस बंद करून थुंकीची तपासणी करून घ्यायची.

पानओवा आणि गवती चहा यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन्ही न मागता वाढतात. पानओव्याचं पान तव्यावर गरम करून मुलाच्या कपाळावर ठेवलं की नाक मोकळं होतं, असं शेजारच्या वहिनी म्हणतात. मी ते पान मिठाच्या कणाबरोबर चावून खाते. पोट फुगलं की बरं वाटतं.

कशायाची, म्हणजे आमच्याकडच्या मसाल्याच्या गरम काढ्याची, पूड मात्र सुक्या बाजूची, पण तीही थोडी थोडीच करायची. धने दोन भाग, जिरं एक भाग, पाव भाग मिरी, पाव भाग सुंठ, आवडत असेल तर बडीशेप. मंद आचेवर ओलावा जाईपर्यंत परतायचं, करपवायचं नाही, आणि जाडसर कुटायचं. कपभर पाण्यात चमचाभर पूड, गूळ, पाच मिनिटं उकळी, शेवटी थोडं दूध. पावसात भिजून आलेल्या माणसाला याहून चांगलं काही मी देऊ शकत नाही. यंदा बदल एवढाच केला की आख्खे दाणे साठवले आणि पूड दर आठवड्याला ताजी कुटली. वासातला फरक पहिल्याच घोटात कळतो. कुटलेल्या धन्यातलं तेल उडून जातं, मग उरतो तो भुसा.

माटोळी म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-पानं टांगून सजवलेली चौकट. गणपतीच्या आधीचा तिचा बाजार हा आपल्यासारख्यांसाठी वर्षातला सर्वांत मोठा वर्ग. सत्तरी तालुक्यातल्या बायका रानातून काय काय घेऊन बसतात, आणि विचारलं तर झाड कुठे, कशात उगवतं तेही सांगतात. मी दरवर्षी वही घेऊन जाते. पण एक गोष्ट नव्या लोकांना सांगितलीच पाहिजे: माटोळीला टांगलेलं सगळंच पोटात घ्यायचं नसतं. कवंडळं ही लालभडक रानफळं विषारी आहेत, मुलांच्या हाती लागू देऊ नका. झाड ओळखलं नाही तर ते औषध नव्हेच. पणजीतल्या बागेला ज्याचं नाव आहे तो पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्यात राहून इथल्या वनौषधींवर लिहीत होता. 1563 साली इथेच छापलेल्या त्याच्या ग्रंथात त्याने इथल्या वैद्यांना विचारून घेतलेलं ज्ञान आहे. विचारून घेणं हीच रीत मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते.

किरायते (कालमेघ) हे कडू झुडूप यंदा पहिल्यांदाच वाफ्यात पेरलं. पावसाच्या सुरुवातीला बी टाकलं, दसऱ्यानंतर कळ्या दिसू लागल्या. फुलोऱ्याच्या सुमारास त्यातला कडू अंश भरात असतो, म्हणून तेव्हाच कापलं. आणि बघा, नेमका तोच काळ आमच्याकडे हवा कोरडी होण्याचा! जुड्या बांधून मांगरात (शेतावरच्या खोपटात) सावलीत उलट्या टांगल्या, पानं चुरचुरीत झाली. दुकानात काडेचिराईत म्हणून मिळतं ते हिमालयाकडचं वेगळं झाड, दोन्हींची मापं एकत्र करू नका. तोंडाची चव गेली असेल तर चिमूटभर पानांचा काढा मी घेते. तापावर घरोघर देतात, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असू शकतो, शेतात राबणाऱ्याला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) असू शकतो. रक्ततपासणी आधी, किरायते नंतर.

आणि भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं. एप्रिल-मे म्हणजे उन्हाशी शर्यत. सोलं, म्हणजे फळाच्या साली, मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, आणि पहिल्या वळवाआधी बरणी बंद करायची. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की तीच सोलं पाण्यात कोळून लावतो, खाज शमते. बिया फेकायच्या नाहीत. वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगतं, ते थंड झाल्यावर घट्ट होतं आणि त्याचे गोळे वळता येतात. हे भिरंडेल 40 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून आपल्या उन्हाळ्यातही गोळा गोळाच राहतो आणि पायाला लावला की हाताच्या उबेने पसरतो. रात्री टाचा धुऊन, चोळून, मोजे घालून झोपायचं. भेगांना आठवडाभरात मऊपणा येतो. खोल भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता पुढचं काम हळदीचं. मे महिन्यात लावलेली हळद माघात काढायची, उकडायची आणि कांडी कट्कन मोडेपर्यंत उन्हात ठेवायची. किरायत्याच्या शेंगा तडकण्याआधी बी गोळा करून राखेत ठेवलं आहे. पुढच्या मृगाला अर्धा वाफा उन्हात आणि अर्धा सुपारीच्या सावलीत पेरणार आहे. सावलीतलं किरायते तितकंच कडू होतं का, हे कुणी कुळागरात (सुपारीच्या बागेत) लावून पाहिलं असेल तर मला नक्की सांगा.